आईचा गोळ्यांचा डबा आणि आमचे मासे

फिशटँक घरात आला आणि पहिलं भांडण झालं ते खायला कोण घालणार यावरून. लेकीचं म्हणणं मासे माझे, मीच घालणार. आईचं म्हणणं दुपारभर घरात मी एकटी, ते काचेला तोंड लावून माझ्याकडे बघत बसतात, मग मी काय नुसतं बघत राहू? मी म्हटलं भांडू नका, दोघी घाला. ही माझी पहिली चूक. दुसरी अशी की रात्री कामावरून आलो की मीपण एक चिमूट सोडायचो, कारण दिवसभरात तेवढाच काय तो वेळ मिळायचा त्यांच्यासोबत, आणि मी समोर उभा राहिलो की ते असे धावत वर यायचे की वाटायचं बिचारे सकाळपासून उपाशीच आहेत.

टाकी ६० × ३० × ३० सेंमीची. हिशोबाने ५४ लिटर, पण तळाची खडी, एक मोठा दगड आणि वर सोडलेली जागा वजा केली तर पाणी जेमतेम ४५ लिटर. त्यात आम्ही सोडले ३ गोल्डफिश आणि ६ गप्पी. आज मला कोणी अशी टाकी दाखवली तर मी त्याला हात जोडीन, कारण गोल्डफिश हा मुळात मोठा होणारा, भरपूर खाणारा आणि तितकीच घाण करणारा मासा, त्याला पाणी जरा गार लागतं, आणि गप्पीला कोमट. पण तेव्हा आमचा निकष एकच होता, रंग छान दिसतायत ना! आज टाकी धुतली, पाणी भरलं, फिल्टर लावला, उद्या मासे. झालं.

पाचव्या दिवशी पाणी दुधाळ झालं. हिरवं नाही, पांढुरकं, धुकं पडावं तसं. मला वाटलं घाण झालीय, मग रविवारी मी अंगात आल्यासारखी सफाई काढली. मासे बादलीत, सगळं पाणी फेकलं, खडी नळाखाली घासली, फिल्टरचा स्पंज तर पिळून पिळून असा धुतला की नवा वाटावा. टाकी लखलखीत. आई म्हणाली, आता कसं घर वाटतंय. दोन दिवसांनी सकाळी बघतो तर सगळे मासे पाण्याच्या वरच्या थरात, तोंडं बाहेर काढून पचपच करतायत. आणि इथे जे झालं त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण आईला वाटलं भूक लागलीय म्हणून वर आलेत, तिने बिचारीने प्रेमाने आणखी खाणं टाकलं. संध्याकाळपर्यंत ३ गप्पी गेले. दुसऱ्या दिवशी आणखी १, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यात छोटा गोल्डफिश. लेक दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

मासेवेड्या एका मित्राला फोन केला तर त्याने एकच प्रश्न विचारला, अमोनिया किती आहे? मी म्हटलं अमोनिया मी टाकलाच नाही. तो हसला नाही हे त्याचे उपकार.

त्याने टेस्ट किट आणून दिलं. छोट्या काचेच्या नळीत ५ मिली पाणी घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे, हलवायचं आणि ५ मिनिटं थांबून रंग कार्डाशी लावून बघायचा. पिवळा आला तर अमोनिया शून्य. आमची नळी पिवळी होती एक मिनिटभर, मग पोपटी, मग हिरवी, आणि पाच मिनिटांनी असा गडद हिरवा रंग की लेक म्हणाली, बाबा, हे तर झाडाच्या पानासारखं दिसतंय. कार्डावर २ आणि ४ च्या मधला. यायला हवा होता ० च्या घरात.

मग त्याने जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. मासा जे खातो त्यातला प्रथिनांचा कचरा तो अमोनिया म्हणून पाण्यात सोडतो, आणि तोही मुख्यतः कल्ल्यांमधून, म्हणजे श्वास घेता घेता. उरलेलं खाणं तळाशी सडतं, त्याचाही अमोनिया. नदीत, तळ्यात पाणी अफाट असतं म्हणून चालून जातं, आपल्या ४५ लिटरमध्ये मासा स्वतःच्याच विषात पोहत असतो. ते विष काढतात बॅक्टेरिया. एक जमात अमोनियाचं नायट्राइट करते, ते पण विषारीच, आणि दुसरी जमात नायट्राइटचं नायट्रेट करते, जे बरंच सौम्य आणि आपण पाणी बदललं की निघून जातं. हे बॅक्टेरिया राहतात कुठे, तर फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खडीवर. आणि मी काय केलं होतं? जी काही थोडीफार वस्ती पाच-सात दिवसांत जमायला लागली होती ती नळाच्या क्लोरीनच्या पाण्याखाली घासून पुसून साफ केली होती! नळाच्या पाण्यात क्लोरीन असतोच मुळी जंतू मारायला, त्याला चांगले वाईट कुठे कळतात. ते दुधाळ पाणी म्हणे नव्या टाकीत होतंच, वेगळ्याच बॅक्टेरियांची गर्दी वाढते तेव्हा, हात न लावता बसलो असतो तर आपोआप निवळलं असतं.

आणि ते वर येऊन पचपच करणं ही भूक नव्हती, त्यांना श्वास घेता येत नव्हता. अमोनियाने कल्ले भाजल्यासारखे होतात. हे मी आईला कधीच नीट सांगितलं नाही. तिला एवढंच सांगितलं की पाणी खराब होतं.

मग पुढचे पाच-साडेपाच आठवडे आमच्या घरात रोज संध्याकाळी प्रयोगशाळा. मासे टाकीत असताना हे सगळं करायचं म्हणजे तारेवरची कसरत, बॅक्टेरियांना अमोनिया तर हवा, पण माशांना नको. म्हणून रोज साधारण पाव टाकी पाणी बदलायचं आणि खाणं दिवसाआड, तेही नावापुरतं. तिसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरायला लागला आणि मी खूश, तर नायट्राइटची नळी, जी आकाशी राहायला हवी, ती जांभळी. नायट्राइट रक्तात गेलं की रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही, रक्त तपकिरी पडतं, म्हणजे पाण्यात हवा असूनही मासा गुदमरतो. मित्राच्या सांगण्यावरून थोडं साधं मीठ विरघळवून घातलं, मिठातला क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटला आत शिरू देत नाही म्हणे, आणि खरंच उरलेले चारही मासे टिकले. सहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी अमोनिया पिवळा, नायट्राइट आकाशी, आणि नायट्रेटची नळी केशरी. लेकीने त्या तीन नळ्या खिडकीत ओळीने ठेवल्या आणि आजीला बोलावून आणलं. आजी म्हणाली, छान आहेत रंग, पण यांना आता पोटभर देऊ का?

तर मुद्दा खाण्याचा.

मासा थंड रक्ताचा, त्याला आपल्यासारखं अंग गरम ठेवायला खाणं जाळावं लागत नाही, म्हणून त्याला लागतं फारच कमी. आणि गोल्डफिशला तर जठरच नसतं, खाल्लेलं सरळ आतड्यात जातं. तो मिळेल ते दिवसभर टिपत राहणारा प्राणी, आता पुरे हे त्याला कळतच नाही. शिवाय मासे हुशार, काचेसमोर माणूस आला की खाणं येतं एवढं ते आठवड्याभरात शिकतात, मग तुम्ही पंखा लावायला उठलात तरी शेपट्या हलवत हजर. हे सगळं मी आईला सांगितलं, तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, अरे पण बघ ना कसा बघतोय.

नियम म्हणून सांगतात की दोन मिनिटांत संपेल इतकंच घाला. वाचायला सोपं आहे. पण चिमूट कोणाची? माझी, आईची की लेकीची? एकदा मी तिघांच्या चिमटी कागदावर ठेवल्या आणि दाणे मोजले. लेकीचे १४, माझे ३५ च्या वर, आणि आईचे ५० नंतर मी मोजायचं सोडलं. आणि तेही तिघांनी आपापल्या वेळी, एकमेकांना न सांगता.

यावर उपाय सापडला तो आईच्याच कपाटात. तिचा गोळ्यांचा जुना डबा होता, सात वारांचे सात कप्पे असलेला. रविवारी रात्री लेक बसून प्रत्येक कप्प्यात दाणे मोजून भरते, आणि एक कप्पा रिकामा, त्या दिवशी काही नाही. दिवसाचा कप्पा रिकामा दिसला की समजायचं कोणीतरी घातलंय, विषय संपला. हा डबा टाकीच्या वर असतो आणि खाण्याची मोठी बाटली माझ्या कपाटात, कुलपात म्हणणार होतो पण तेवढं नाही. बाटली बंद, कोरड्या जागी हे पण महत्त्वाचं आहे बरं का, कारण उघडल्यावर खाण्यातली जीवनसत्त्वं उडतात, सी तर पहिलं, त्यामुळे वर्षभराचा मोठा डबा घेण्यात काही फायदा नाही, दोन-तीन महिन्यांत संपेल एवढाच घ्यावा. टाकीच्या झाकणावर ठेवलेलं खाणं तर दमटपणाने बुरशीच धरतं, आमचं एकदा धरलंय.

फ्लेक्सवरून, म्हणजे पातळ पापुद्र्यांसारख्या खाण्यावरून, दाण्यांवर आलो त्यामागेही एक किस्सा आहे. उरलेल्या दोघांतला गोलमटोल गोल्डफिश एका सकाळी उलटा. पोट वर, पण जिवंत, डोळे फिरवत, एका बाजूने पोहायचा प्रयत्न करतोय आणि पुन्हा बुचासारखा वर येतोय. लेक रडायला लागली. या गोलमटोल जातींचं शरीर आखूड, आतली जागा दाटीवाटीची, त्यात वर तरंगणारे कोरडे फ्लेक्स खाताना हवा गिळली जाते आणि पोट गच्च झालं की तोल सांभाळणाऱ्या हवेच्या पिशवीवर दाब येतो. नेहमी हेच कारण असतं असं नाही, कधी आजारही असतो. आम्ही दोन दिवस काहीच घातलं नाही, तिसऱ्या दिवशी एक मटारचा दाणा मऊ उकडून, साल काढून, नखाने बारीक तुकडे करून त्याच्या तोंडासमोर सोडले. चौथ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला ऑफिसात. उठला रे, सरळ झाला. इतकी खूश की जणू कोणी दवाखान्यातून घरी आलंय. तेव्हापासून बुडणारे दाणे, तेही अर्धा मिनिट पाण्यात भिजवून.

ते दोन्ही गोल्डफिश पुढे त्या मित्राच्या २०० लिटरच्या टाकीत गेले. आमच्याकडे ते मोठे होऊन वळायलाही जागा नसती. लेकीला पटायला वेळ लागला, पण तिकडे जाऊन त्यांना लांबलचक पोहताना बघितलं आणि मग गप्प झाली.

आमच्या टाकीत उरले दोन गप्पी. हीटर लावला, २५ अंशांवर ठेवला, आणि नवे चार गप्पी आणले आणि थेट सोडले. पिशवी पंधरा मिनिटं तरंगत ठेवली, थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घातलं, ते सगळं नीट केलं, पण वेगळ्या भांड्यात काही दिवस ठेवून बघायचं ते केलं नाही. पाचव्या दिवशी शेपट्यांवर मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके. आणि मासे दगडाला अंग घासतायत. पांढरे ठिपके, ज्याला सगळे इक म्हणतात. हा परजीवी माशाच्या कातडीखाली असतो तोवर औषध त्याचं काही करू शकत नाही, तो फुगून खाली पडतो, तळाशी फुटून शेकडो पिल्लं बाहेर येतात आणि ती नवा मासा शोधत पोहत असतात तेवढ्याच काळात मरतात. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवायचं नाही, ही चूक खूप जण करतात. मी पाणी हळूहळू ३० अंशांपर्यंत नेलं, म्हणजे त्याचं चक्र भराभर फिरतं, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो म्हणून हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन जास्तीचा, फिल्टरमधला कार्बन काढून ठेवला कारण तो औषधच शोषून घेतो, आणि रोज तळ सायफनने ओढला. बारा दिवस. एक गप्पी गेला, पाच वाचले. त्यानंतर आणलेले सहा कोरीडोरास तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवल्याशिवाय टाकीत गेले नाहीत.

या कोरीडोरासबद्दल एक सांगायलाच हवं. मला वाटायचं हे तळाचे मासे म्हणजे सफाई कामगार, वरून पडलेलं उष्टं आणि विष्ठा खाऊन राहतात. विष्ठेवर ते जगत नाहीत. आणि गप्पी इतके अधाशी की तळापर्यंत काही पोचतच नाही, दोन आठवड्यांत कोरीडोरासची पोटं आत गेलेली दिसायला लागली. आता रात्री दिवा बंद केल्यावर त्यांच्यासाठी वेगळी बुडणारी गोळी, अर्धी तोडून. अंधारात बॅटरी मारून बघितलं तर सहाही डोकी एका वर्तुळात, मिशा हलवत. सकर माशाचंही तेच, काच साफ करेल म्हणून बोटाएवढा घेतात आणि तो पुढे फूटभर होतो, आम्हाला वेळेत कळलं म्हणून वाचलो.

पाणी बदलायचं काम माझं, दर रविवारी पाव टाकी. यात शिकण्यासारखं फार नाही, धांदरटपणा मात्र भरपूर. सायफनची नळी तोंडाने ओढताना टाकीचं पाणी मी तीनदा प्यायलोय, नंतर फुगा दाबून चालू होणारी घेतली. एकदा हीटर चालूच राहिला आणि पाणी खाली गेल्यावर उघडा पडून तापला, पाणी भरलं तशी टक्कन त्याची काच तडकली, नशीब मी तेव्हा हात बाहेर काढला होता. आता आधी बटण बंद, मग बादली. एकदा अँटीक्लोरीन घालायचं विसरलो, अर्ध्या बादलीवर आठवलं आणि काळजात धस्स झालं. तेव्हापासून बाटली बादलीतच ठेवतो, म्हणजे ती काढल्याशिवाय बादली वापरताच येत नाही. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडतो हे खरंय, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन असतं, ते असं सहजासहजी उडत नाही, त्यामुळे दोन थेंबांचा आळस नको. स्पंज महिन्याभराने, तोही काढलेल्या टाकीच्याच पाण्यात दोनदा दाबायचा. घाणच दिसला पाहिजे तो.

दहा दिवस बाहेरगावी गेलो तेव्हा टाकी शेजारच्या काकूंवर सोपवली. माशांना तीन-चार दिवस काही मिळालं नाही तरी फरक पडत नाही, पण दहा दिवस म्हणून गोळ्यांचा डबा भरून दिला, दिवसाआड एक कप्पा. मोठी बाटली लपवली. परत आलो तर सगळे ठणठणीत, पण काकू जरा नाराज. म्हणाल्या, अगदीच मोजून देता हो तुम्ही, बिचारे किती बघतात! आईने माझ्याकडे बघितलं आणि त्यांना म्हणाली, अहो त्यांना जठर नसतं. ते मी गोल्डफिशबद्दल सांगितलं होतं, पण मी मधे पडलो नाही.

आता ताजी बातमी. गप्पीला पिल्लं झाली. गप्पी अंडी घालत नाही, सरळ पोहती पिल्लंच देते, साधारण महिन्या-महिन्याने, आणि मग स्वतःच ती खायला निघते. आम्ही दाट शेवाळासारखी जावा मॉस लावली होती त्यात अठरा-वीस लपलेली सापडली, ती गाळणीने वेगळ्या टबात काढली, तिथेही पाव पाणी रोज बदलावं लागतं. आणि गंमत म्हणजे या पिल्लांचा नियम बरोबर उलटा. इवलंसं पोट, वाढ जोरात, त्यामुळे दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्यावं लागतं. पावडर केलेले दाणे, आणि आर्टेमिया.

आर्टेमिया म्हणजे मिठाच्या पाण्यातले किडे, त्यांची कोरडी अंडी मिळतात. प्लॅस्टिकच्या बाटलीत एक लिटर पाणी, २५ ग्रॅम मीठ, चिमूटभर अंडी (आईच्या नाही, लेकीच्या चिमटीने), खाली एअरपंपची नळी आणि वर दिवा. २७-२८ अंश राहिले तर चोवीस ते छत्तीस तासांत केशरी ठिपक्यांचा ढग पोहायला लागतो. हवा बंद करायची, दहा मिनिटं थांबायचं, रिकामी टरफलं वर जातात आणि किडे उजेडाकडे गोळा होतात, तिथून नळीने काढून गोड्या पाण्यात धुवायचे आणि ड्रॉपरने पिल्लांना.

हे खातं आईकडे आहे. लेक शाळेत, मी कामावर, दिवसातून चारदा कोण करणार. दोन बाटल्या आळीपाळीने तिच्या खिडकीत बुडबुडत असतात, आवाजाने झोप येत नाही का विचारलं तर म्हणते सवय झाली. काल दुपारी तिने मला व्हिडिओ कॉल केला, मीटिंगमध्ये होतो, कट केला, तर परत केला. बाहेर येऊन उचलला. स्क्रीनवर आधी फक्त तिचा अंगठा, मग टब, मग चष्मा कपाळावर ढकलत ती म्हणाली, थांब, हलू नको. एक पिल्लू काचेपाशी आलं. आरपार दिसणारं अंग, दोन काळे डोळे, आणि मधोमध गच्च भरलेलं केशरी पोट.

"दिसलं?" ती म्हणाली. "आता याला पुरे."